पाच हजारांचा सायकलचा टायर कशाला? खान्देशातल्या रस्त्यांसाठी रोड बाईकच्या टायरचं गणित

पाऊस उघडून दिवाळी जवळ आली की जळगाव, भुसावळ, धुळे, चाळीसगाव सगळीकडच्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न सुरू होतो, टायर बदलायचेत, कोणते घेऊ? मग दहा जण दहा नावं टाकतात, कोणी म्हणतं २३ चाच घे भो, बारीक असतो, पळतो, कोणी म्हणतं १२० हवा मार, कोणी म्हणतं आता ट्यूबलेसशिवाय काही राहिलंच नाही, आणि विचारणारा आधीपेक्षा जास्त गोंधळून गप्प बसतो. त्यात किंमत. नावाजलेल्या कंपनीच्या रेसिंग टायरची जोडी सहज आठ-दहा हजारांच्या घरात जाते, म्हणजे एक टायर मोटरसायकलच्या टायरपेक्षाही महाग, मग एवढे पैसे नेमके कशाचे हे कळायलाच पाहिजे ना.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्या भागात टायर निवडताना ब्रँड सगळ्यात शेवटी येतो. आधी रुंदी, मग हवा किती भरायची ते, मग टायरचं आतलं कापड आणि काट्यांपासून संरक्षण, आणि मग नाव. हा क्रम का, ते आता पहिल्यापासून बघू.

टायर ताकद खातो म्हणजे काय

चाक फिरतं तेव्हा टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दाबला जातो, चपटा होतो आणि पुढे गेला की परत गोल होतो. हे प्रत्येक फेऱ्याला सतत चालू असतं. रबर आणि आतलं कापड दाबायला जेवढी ताकद लागली तेवढी सगळी ते परत देत नाही, काही भाग आतल्या आत उष्णता होऊन जातो, आणि ती ताकद तुमच्या पायातून आलेली असते. ह्या वाया जाण्यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. साखळीला कितीही तेल घातलं, बेअरिंग कितीही भारी असलं तरी हे नुकसान टायर बदलल्याशिवाय किंवा हवेचं प्रमाण सुधारल्याशिवाय कमी होत नाही.

आकड्यात बघा. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो धरा, सपाट रस्ता, ताशी ३० किमी वेग. चांगले रेसिंग टायर असतील तर दोन्ही मिळून साधारण २६ वॅट खातात. स्वस्त, जाड, कडक टायर असतील तर तोच आकडा ४५ च्या आसपास जातो. म्हणजे जवळपास २० वॅटचा फरक. आता २० वॅट म्हणजे किती? नियमित सायकल चालवणारा साधा माणूस तासभर टिकवू शकतो ते १५० ते १८० वॅट, त्यातले २० म्हणजे दहा टक्क्यांच्या वर गेले. ह्या वेगाला महागड्या कार्बन चाकांमधूनसुद्धा एवढी बचत होत नाही. म्हणून मी तर म्हणेन की सायकलवर पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च टायरवर करा, चाकं, हँडल, कार्बनचा सीटपोस्ट हे सगळं नंतर.

हवेचा अडथळा ह्याहून मोठा असतो, ते मान्य, आणि वेग वाढेल तसा तो फार झपाट्याने वाढतो. पण तो अंगाची पोझिशन बदलून कमी करायचा असतो, त्याला टायर फारसा जबाबदार नाही.

कापड, रबर आणि पट्टा

टायर म्हणजे नुसतं रबर नाही. आत कापड असतं, त्याला केसिंग म्हणतात, आणि टायर जिवंत वाटतो की लाकडासारखा वाटतो हे मुख्यतः ह्या कापडावर ठरतं. पॅकेटवर टीपीआय लिहिलेलं असतं ते ह्या कापडाचं माप, एका इंचात किती धागे. आपण कापसाच्या मुलखातले, आपल्याला हे सांगायला नको, गोणपाट आणि मलमल दोन्ही धाग्याचीच पण मुठीत धरून चुरगाळलं की फरक लगेच कळतो. कमी टीपीआय म्हणजे जाड धागे, मध्ये जागा, ती भरायला जास्त रबर, म्हणून टायर कडक आणि जड. जास्त टीपीआय म्हणजे बारीक धागे, कमी रबर, टायर मऊ, पटकन वाकणारा आणि पटकन परत येणारा, म्हणून ताकद कमी खातो. स्वस्त टायर ३० ते ६० टीपीआयचे असतात, चांगले १२० च्या आसपास, आणि व्हिटोरियाच्या कोर्सासारखे कॉटनच्या केसिंगचे टायर ३२० चे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. काही कंपन्या कापडाचे सगळे थर मिळून आकडा सांगतात. कॉन्टिनेन्टलच्या जीपी ५००० वर ३३० लिहिलेलं असतं ते ११० चे तीन थर मिळून. टायर उत्तमच आहे तो, प्रश्नच नाही, पण त्याचा ३३० आणि दुसऱ्याचा ३२० शेजारी ठेवून तुलना करू नका.

दुसरा शब्द कंपाऊंड, म्हणजे वरच्या रबराचं मिश्रण. रबरात सिलिका, कार्बन ब्लॅक असं बरंच काही मिसळतात, आणि ग्रिप, टिकाऊपणा आणि वेग ह्या तिघांची ओढाताण तिथेच सुरू होते. तिसरा तो पंक्चरपासून वाचवणारा पट्टा, रबर आणि कापड ह्यांच्या मध्ये बसवलेला, व्हेक्ट्रान किंवा अरामिडसारख्या चिवट धाग्याचा. पट्टा जाड केला की काटा अडतो पण टायर कडक होतो. बास, एवढे शब्द पुरे.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे

७०० बाय २५सी असं लिहिलेलं असतं आणि शेजारी बारीक अक्षरात २५-६२२. दुसरा आकडा जास्त खरा. २५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ६२२ हा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. रोड बाईकला सहसा ६२२ च लागतो. गंमत म्हणजे २९ इंची एमटीबीचा, म्हणजे डोंगरी सायकलचा, व्यासही ६२२ च असतो, फक्त टायर खूप जाड.

रुंदीचा आकडा मात्र रिमवर अवलंबून असतो. जुन्या रिम आतून १३-१५ मिमी रुंद असायच्या, आता १९, २१ आणि त्याहून जास्त. तोच २५ चा टायर रुंद रिमवर चढवला की मोजल्यावर २७ भरू शकतो. म्हणून फ्रेममध्ये जागा किती आहे ते मोजूनच ऑर्डर करा, ह्यावर पुढे परत येतो.

पण रुंद टायर म्हणजे स्लो ना?

सगळ्यात जास्त वाद ह्यावर होतो आणि इथे थोडं सविस्तर बोलायलाच पाहिजे, कारण आपल्याकडे अजूनही बारीक टायर दिसला की लोक त्याला रेसिंगचा समजतात.

समजा २३ आणि २८ दोन्हीत सारखीच हवा भरली. तुमचं वजन तेच, हवेचा दाब तोच, मग रस्त्याला टेकणारं क्षेत्रफळही जवळपास तेवढंच राहणार, पण आकार बदलतो. बारीक टायरचा ठसा लांबट आणि अरुंद पडतो, रुंद टायरचा आखूड आणि रुंद. लांबट ठसा पडायला टायरला जास्त खोल दबावं लागतं, साईडवॉल, म्हणजे टायरची बाजू, जास्त वाकते, म्हणजे जास्त ताकद वाया. तर सारख्या हवेत रुंद टायरच कमी खातो. लगेच कोणी म्हणेल, पण रुंद टायरमध्ये एवढी हवा कोण भरतं? बरोबर, कमी भरतो, आणि कमी भरली की हा फायदा घटतो, गुळगुळीत रस्त्यावर दोघं जवळपास बरोबरीत येतात.

पण रस्ता गुळगुळीत कुठे आहे? हाच तर मुद्दा आहे. नवा चौपदरी हायवे सोडून आत वळा, अमळनेर-चोपड्याकडे जा, यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात जा, नाहीतर धुळ्याहून साक्रीच्या आतल्या गावांकडे, डांबर झिजून वर आलेली खडी, ठिगळावर ठिगळ, गावाच्या वेशीवर पाठोपाठ स्पीड ब्रेकर. अशा रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खड्यावर तुम्हाला आणि सायकलला मिळून वर उचलतो. तुम्हाला तो फक्त हातांना बसणारा थरथराट वाटतो पण ८० किलो वजन क्षणोक्षणी वर उचललं जातंय, आणि ती ताकद तुमच्या पुढे जाण्यातून वजा होते, तुमच्या मांसपेशी हलण्यात संपते. थोडा मऊ, रुंद टायर तोच खडा स्वतःच्या पोटात घेतो आणि सायकल सरळ पुढे जाते. म्हणून खडबडीत रस्त्यावर एका मर्यादेनंतर हवा वाढवली की वेग कमी होतो, वाढत नाही. टणक टायरवर जास्त वेगात चाललोय असं वाटतं ते ह्या थरथराटामुळे, घड्याळ लावून त्याच रस्त्यावर दोन्ही बघा.

ही काही नवी कल्पना नाही. जॉन बॉइड डनलॉपने १८८७-८८ मध्ये बेलफास्टला हवेचा टायर बनवला तो मुलाच्या तीन चाकी सायकलसाठी, त्याआधी सायकलला भरीव रबर असायचं. १८८९ मध्ये विली ह्यूम नावाचा सायकलपटू हे हवेचे टायर लावून बेलफास्टच्या शर्यतीत उतरला आणि जिंकला. भरीव रबर जास्त टणक होतं, तरी हरलं. आणि आजचं बघायचं तर युरोपातले प्रोफेशनल रेसर वर्षानुवर्षं २३ वर चालवायचे, मग २५ वर आले, आता २८ आणि ३० नेहमीचे झालेत, पॅरिस-रूबेसारख्या दगडी फरशीच्या रेसला तर ३२ आणि त्याच्याही वर जातात. जिंकण्यावर ज्यांचं पोट आहे ती माणसं उगाच रुंद टायर लावणार नाहीत.

रुंद टायरचा एक तोटा खरा आहे, पुढच्या चाकावर हवेचा अडथळा किंचित वाढतो. ताशी ३५-४० ने सलग जाणाऱ्याला त्याचा हिशेब करावा लागेल. आपल्यापैकी बहुतेकांना नाही.

म्हणून माझं मत, फ्रेममध्ये बसत असेल तर खान्देशात २८ हा किमान धरा, ३० किंवा ३२ बसत असेल तर आणखी चांगलं. जुन्या रिम ब्रेकच्या सायकलला बऱ्याचदा २५ च्या वर जागाच नसते, तिथे २५ च घ्यायचा, हवेचं मात्र नीट सांभाळायचं.

मग हवा किती?

टायरच्या साईडवर जो मॅक्स प्रेशर लिहिलेला असतो ती शेवटची मर्यादा आहे, एवढी भरा असं सांगणं नाही. तरीही पन्नास जणांपैकी चाळीस जण तिथपर्यंत भरतात. रिमवरही एक मर्यादा लिहिलेली असते, आणि दोन्हींत जी कमी ती पाळायची.

सुरुवातीला कुठून करायची म्हणाल तर, ७० किलोचा माणूस, ट्यूबचा टायर, आपले सरासरी रस्ते. २५ ला ८५ ते ९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), २८ ला ७० ते ७५, ३२ ला ५५ ते ६०. मागच्या चाकावर वजन जास्त येतं, साधारण ५५ ते ६० टक्के, म्हणून मागे पुढच्यापेक्षा ३ ते ५ पीएसआय जास्त. वजन दहा किलोने जास्त असेल तर ५ ते ७ वाढवा, कमी असेल तर तेवढी उतरवा. मग स्वतःच्या रस्त्यावर दोन-दोनने कमी करत बघा. खड्ड्यात रिम आपटल्याचा आवाज आला किंवा वळणावर टायर लिबलिबीत वाटला की समजायचं जास्त उतरली, दोन-तीन परत वाढवायची. हवा फारच कमी असली की खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, तसं पंक्चर काट्याचं नसतं, ते हवेचं.

हे सगळं अंगठ्याने टायर दाबून कळत नाही. ९० आणि ११० दोन्ही अंगठ्याला सारखेच दगड लागतात. मीटर असलेला फ्लोअर पंप पाहिजेच, टायर घ्यायच्या आधी तो घ्या. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्या दादांकडचं नोझल मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचं असतं, रोड बाईकचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह त्यात बसत नाही, म्हणून ते दहा-वीस रुपयाचं पितळी अ‍ॅडॅप्टर खिशात ठेवायचंच, पण कॉम्प्रेसरने भरताना जपून, बारीक टायर दोन सेकंदात भरतो.

आणि मे महिन्यात?

जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा हा प्रश्न येतोच, हवा तापून टायर फुटेल का. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो, हे खरं, आणि किती वाढतो ते मोजता येतं. घरात २८ अंशाला ८० पीएसआय भरली आणि सायकल उन्हात किंवा बंद गाडीत राहून टायर ६० अंशाला गेला तर दाब साधारण ९० होतो. म्हणजे दहाची वाढ. धडधाकट टायर तेवढ्याने फुटत नाही. उन्हात फुटलेल्या टायरमागे बहुतेक वेळा कारण दुसरं असतं, टायरची कड रिममध्ये नीट बसलेली नसते, ट्यूब कडेखाली चिमटलेली असते, किंवा साईडवॉल आधीच चिरलेली असते. पण जो आधीच मर्यादेपर्यंत भरतो त्याच्याकडे ह्या दहा पीएसआयला जागाच शिल्लक नसते, म्हणून उन्हाळ्यात ३ ते ५ कमी भरलेली बरी. उलट डिसेंबरात धुळ्यात पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा दुपारी भरलेली हवा सकाळी कमी दिसते, ट्यूब गळतेय असं समजून बदलायला धावू नका.

गरमीचा एक फायदाही आहे बरं का, रबर गरम असलं की कमी ताकद खातं.

आपल्याकडे काटे आहेत, नाजूक टायर कसा टिकेल?

हा आक्षेप सगळ्यात रास्त आहे आणि युरोपातले टायरचे रिव्ह्यू वाचून ह्याचं उत्तर मिळत नाही. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला सराटे पसरलेले, शेताच्या कुंपणाला बाभूळ आणि बोरीच्या काट्या, त्या ट्रॅक्टरमधून नेताना रस्त्यावर सांडतात, वेड्या बाभळीचा काटा तर चपलेतून आरपार जातो. हायवेवर वेगळंच, फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून निघालेली केसासारखी बारीक पोलादी तार. ती दिसत नाही, टायरमध्ये रुतून बसते आणि ट्यूब बदलली की दहा मिनिटांत नवीही पंक्चर करते.

टायर ढोबळमानाने तीन प्रकारचे समजा. पहिले निव्वळ रेसचे, पातळ, जलद, कॉटन केसिंगचे वगैरे. दुसरे मधले, पट्टा आहे, टायर मऊही आहे, जीपी ५००० किंवा श्वाल्बेचा प्रो वन ह्यासारखे. तिसरे चिलखती, कॉन्टिनेन्टलचा गेटरस्किन, श्वाल्बेचा मॅरेथॉन, हे काटा बराच अडवतात पण ताकद खातात, आणि ओल्या रस्त्यावर गेटरस्किनची ग्रिप मला तरी भरवशाची वाटत नाही.

मी मधल्या प्रकाराच्या बाजूने आहे. चिलखती टायर लावूनही वेड्या बाभळीचा ताजा काटा सरळ बसला तर आत जातोच, मग रोजच्या प्रत्येक किलोमीटरला दंड कशाला भरायचा? अपवाद एक, ज्यांना बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राईड, करायच्या आहेत. २०० किमीला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास असा वेळ असतो, घाई जीवघेणी नसते, पण रात्री दोनला आडरानात टॉर्च तोंडात धरून ट्यूब बदलणं नको असतं. त्यांनी मागच्या चाकाला जरा जाड पट्ट्याचा टायर घ्यावा, मी तरी तसंच सुचवेन.

बाकी निम्मं काम सवयीचं आहे. रस्त्याच्या अगदी कडेला, मातीला लागून चालवू नका, सगळा कचरा वाहनांच्या वाऱ्याने तिथेच जमतो. राईडवरून आलं की चाक हळू फिरवून टायर बघायचा, रुतलेली काच, काटा तिथेच काढायचा, कारण बरेच काटे पहिल्या फेऱ्याला आत जात नाहीत, शेकडो फेऱ्यांत हळूहळू जातात. आणि पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. बोटाला न लागणारी तार कापसाला बरोबर अडकते.

ट्यूबलेस घेऊन टाकू का?

ट्यूबलेसमध्ये ट्यूब नसते, आत सीलंट नावाचा चिकासारखा द्रव असतो आणि काट्याचं भोक तो लगेच बुजवतो. सराट्याचं पंक्चर तर तुम्हाला कळतही नाही. ट्यूबच नाही म्हणून चिमटण्याचा प्रश्न बराच मिटतो आणि हवा आणखी ५-१० पीएसआय कमी ठेवता येते. काट्यांच्या मुलखासाठी हे बनलंय असंच वाटतं, आणि मोठ्या प्रमाणात ते खरं आहे.

पण अटी आहेत. रिम ट्यूबलेसचीच हवी, साध्या रिमवर टेप चिकटवून जुगाड करू नका, रोड बाईकच्या दाबाला टायर निसटला तर तोंडावर पडाल. सीलंट वाळतं, आणि आपल्या उन्हाळ्यात लवकर वाळतं, कंपनी तीन-चार महिने म्हणत असेल तरी मार्च ते जून दर महिन्याला व्हॉल्व्ह काढून बघावं. मोठी चीर पडली तर सीलंट पुरत नाही, चिरेत खुपसायचे प्लग जवळ हवेत आणि वर एक ट्यूबही हवी. गावातल्या दुकानात ह्याचं सामान मिळेल ह्या भरवशावर निघू नका.

आणि हुकलेस रिम. नव्या काही चाकांना आतल्या बाजूला टायर अडकवणारी वळलेली कड नसते. अशा रिमवर कमाल दाब ५ बार, म्हणजे ७२ पीएसआय, आणि टायरही हुकलेसला चालतो असं स्पष्ट लिहिलेलाच पाहिजे. ९० भरायची सवय असलेल्या माणसाने हुकलेस चाक घेतलं तर ते सरळ धोक्याचं आहे. वर सांगितलेली मे महिन्यातली दहाची वाढ इथे खरी महत्त्वाची. वजन जास्त असेल तर हुकलेसवर ३० च्या खालचा टायर घेऊच नका.

ट्यूबच ठेवायची असेल तर टीपीयूच्या, म्हणजे एका लवचिक प्लास्टिकच्या, पातळ ट्यूब आल्यात, वजनाला अगदी हलक्या, खिशात मावतात, आणि काळ्या ट्यूबपेक्षा ताकदही कमी खातात. फक्त काहींवर लिहिलेलं असतं की डिस्क ब्रेकसाठीच, ते वाचून घ्या, कारण घाट उतरताना रिम ब्रेक असेल तर रिम तापते आणि ती उष्णता ट्यूबला लागते.

गोटा टायर पावसात घसरणार नाही का?

नक्षी नसलेला गुळगुळीत टायर बघून घरचे काळजी करतात. गाडीचा टायर पाण्यावर तरंगतो म्हणून त्याला खाचा लागतात, पाणी बाहेर काढायला. सायकलचा टायर अरुंद असतो आणि त्यात दाब जास्त असतो, तो पाणी कापून रस्त्याला टेकतो. ८० पीएसआयच्या टायरला पाण्यावर तरंगायला हिशेबाने ताशी दीडशेच्या आसपास वेग लागेल. म्हणजे डांबरावर खाचांचा उपयोग जवळपास शून्य, ग्रिप येते ती कंपाऊंडमधून आणि योग्य हवेतून.

घसरायला होतं ते दुसऱ्याच गोष्टींनी. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं ते, पांढरे पट्टे, आणि आपली काळी माती. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी ती डांबरावर आणली आणि वर भुरभुर पाऊस झाला की कोणताही रोड टायर तिथे काम करत नाही, खाचांचाही नाही, कारण खाचा त्याच मातीने भरून जातात. तिथे ब्रेक न लावता, हँडल न वळवता सरळ जायचं, नाहीतर उतरून चालायचं. लळिंगचा उतार, कन्नड घाट, तोरणमाळची वळणं, इथे पावसात पुढच्या टायरची ग्रिप हीच तुमची हाडं वाचवते, म्हणून पैसे वाचवायचे असतील तर मागच्या टायरवर वाचवा, पुढच्यावर कधीच नाही.

हलका टायर घेऊ का?

ह्याला थोडक्यात उत्तर. दोन टायरमध्ये मिळून १०० ग्रॅमचा फरक असेल तर ८० किलोच्या मानाने तो किती? तासाभराचा चढ चढताना साडेचार सेकंद. फिरणारं वजन जास्त जाणवतं म्हणतात ते फक्त वेग वाढवताना, आणि तेही दुपटीपेक्षा जास्त नाही. वजन बघून टायर निवडू नका.

आता प्रत्यक्ष खरेदी

आधी सायकल उलटी करा आणि टायर आणि फ्रेम, टायर आणि फोर्क, टायर आणि ब्रेक ह्यांच्यामधली सगळ्यात कमी जागा मोजा. नवा टायर बसल्यावर सगळीकडून किमान ४ मिमी मोकळं राहिलं पाहिजे, आपल्याकडे चिखल आणि चिकटलेली खडी धरून ५ म्हणा. त्यावरून रुंदी ठरली. मग ट्यूब की ट्यूबलेस ते रिम सांगेल. मग वापर, रोजची राईड आणि अधूनमधून घाट असेल तर मधल्या प्रकारातला जो मिळेल तो, ब्रँडवरून भांडायची गरज नाही, कॉन्टिनेन्टल, श्वाल्बे, व्हिटोरिया, मिशेलिन, पिरेली ह्या सगळ्यांचे ह्या श्रेणीतले टायर चांगलेच आहेत, फरक दोन-चार वॅटचा.

ऑनलाईन फारच स्वस्त दिसला तर थांबा, नकली मालही येतो आणि जुना पडून राहिलेलाही. हातात आल्यावर साईडवॉल वाकवून बघायची, बारीक तडे दिसले तर परत करायचा.

पाच हजार जास्त वाटतात हे खरंच आहे, पण मागचा टायर साधारण चार हजार किमी चालला तर किलोमीटरला सव्वा रुपया, पुढचा त्याहून बराच जास्त जातो. मागचा चपटा पडला की पुढचा काढून मागे लावायचा आणि नवा पुढे, म्हणजे चांगलं रबर नेहमी पुढच्या चाकावर. कॉन्टिनेन्टलच्या टायरवर दोन बारीक खड्डे असतात, ते दिसेनासे झाले की टायर संपला. बाकीच्यांचा मधला भाग सपाट होणं किंवा आतला धागा दिसणं ही खूण.

आणि बसवल्यावर एक. नव्या टायरवर साच्यातून निघताना राहिलेला बारीक गुळगुळीतपणा असतो. पहिली राईड जवळच्या सपाट रस्त्यावर करा, जळगाव-भुसावळ म्हणा नाहीतर तुमच्या गावाचा कोणताही कोरडा रस्ता, जोराने वाकून वळणं घेऊ नका, मग परत आल्यावर एकदा कड सगळीकडून सारखी बसलीय का ते चाक फिरवून बघा. कडेजवळ एक बारीक रेषा असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत-बाहेर वाटली तर हवा काढा, तेवढ्या भागाला साबणाचं पाणी लावा, परत भरा, आणि मगच घाटाचा बेत ठरवा.